स्प्रिंगची सीट घ्यायची का? आधी ऑक्टोबरमधला एक मंगळवार सांगा

तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत पुन्हा मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय ना ते कळेल. तुम्ही न्यू जर्सीत एडिसनजवळ राहता. लेकीला रटगर्समध्ये, म्हणजे तुमच्याच राज्याच्या सरकारी विद्यापीठात, फॉलपासून, म्हणजे सप्टेंबरपासून प्रवेश मिळालाय. तिला मनापासून हवं होतं ते शेजारच्या राज्यातलं मोठं सरकारी विद्यापीठ. त्यांनी नकार दिला नाही, वेटलिस्टवरही ठेवलं नाही. ‘अभिनंदन, तुमचा प्रवेश स्प्रिंग सेमिस्टरसाठी’, म्हणजे जानेवारीपासून, असं पत्र पाठवलं. विषय बायॉलॉजी, पुढे बहुधा मेडिकल. १ मेपर्यंत डिपॉझिट भरायचंय. ती म्हणते घेणारच, बाबा म्हणतात हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला. आणि शेवटच्या ओळीत तुम्ही हळूच विचारलंय की हा प्रवेश दुय्यम समजला जातो का, लोकांना काय सांगायचं.

मी नऊ वर्षं एका सरकारी विद्यापीठात अ‍ॅकॅडेमिक अ‍ॅडव्हायझर होते. जानेवारीत येणाऱ्या मुलांचं वेळापत्रक बसवणं हे माझ्याकडचं काम होतं. नंतरची अकरा वर्षं मी पालकांच्या बाजूने टेबलाशी बसते. त्यामुळे दोन्हीकडचं थोडंथोडं सांगू शकेन.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते मनात सलत राहिलं की बाकीचा हिशेब धड होत नाही. स्प्रिंगला आलेल्या मुलांची डिग्री तीच, प्राध्यापक तेच, शेजारच्या बाकावरच्या मुलाला पत्ताही लागत नाही. विद्यापीठं हे का करतात ते बघा. डिसेंबरात काही मुलं पदवी घेऊन बाहेर पडतात, काही ट्रान्सफर होतात, काही पहिल्याच सेमिस्टरला गळतात, तिसऱ्या वर्षाची बरीचशी परदेशी शिकायला जातात. जानेवारीत हॉस्टेलच्या खाटा रिकाम्या राहतात आणि रिकामी खाट फी भरत नाही. दुसरं कारण पत्रात कुणी लिहीत नाही. कॉलेजं आपल्या नव्या बॅचची जी आकडेवारी छापतात, एसएटी या प्रवेशपरीक्षेचे गुण वगैरे, ती फॉलला दाखल झालेल्या मुलांची असते. स्प्रिंगची मुलं त्या रकान्यात येतच नाहीत. म्हणजे त्यांना तुमची मुलगी हवी आहे, पण सप्टेंबरात तिला द्यायला जागा नाही, किंवा सप्टेंबरच्या मोजणीत ती नको आहे. यात अपमान वाटण्यासारखं काही नाही. उपकार मानण्यासारखंही नाही. हा रिकाम्या खाटेचा सौदा आहे, आणि सौद्यात प्रश्न विचारायचे असतात.

आता खरा प्रश्न. घरोघरी वाद रंगतो तो ‘कुठलं कॉलेज चांगलं’ यावर. मी पालकांना एवढंच विचारते: ऑक्टोबरमधल्या एखाद्या मंगळवारी सकाळी दहा वाजता तुमची मुलगी कुठे असेल आणि काय करत असेल? ऑगस्ट मी विचारत नाही, तेव्हा सगळेच सुट्टीवर असतात. सप्टेंबरही निभावतो; आपल्याकडे तर गणपती असतात, आरत्या, मोदक, मंडळाचा कार्यक्रम. ऑक्टोबरात घर शांत होतं. मैत्रिणी आपापल्या कॉलेजांत रुळलेल्या, त्यांचे फोटो दिवसभर फोनवर, आई-बाबा कामावर, धाकटा भाऊ शाळेत. त्या मंगळवारचं उत्तर तुमच्याकडे असेल तर स्प्रिंगची सीट चांगली असू शकते. ‘बघू, काहीतरी करेल’ असं उत्तर असेल, तर नाव कितीही मोठं असो, मी नाही म्हणते.

हे मी स्वतः चूक करून शिकले. सुरुवातीच्या वर्षांत एका मुलाला मी बिनदिक्कत ‘घे’ म्हणाले होते. हुशार होता, इंजिनीअरिंगचा होता, विद्यापीठ नामांकित. चार महिने काय करणार हे मी विचारलं नाही आणि घरच्यांनीही नाही. तो तळघरात गेम खेळत बसला. जानेवारीत गेला तेव्हा अभ्यासाची सवय मोडलेली, झोपेची वेळ उलटी झालेली. कॅल्क्युलसचा पहिला पेपर आला तेव्हा मे महिन्यापासून त्याने एकही गणित सोडवलं नव्हतं. इंजिनीअरिंगची विषयांची साखळी आधीच त्याच्या विरुद्ध होती, त्यात हे. वर्षभराने तो दुसरीकडे गेला. दोष त्याचा कमी, माझा जास्त.

तुमच्या पत्रात ‘स्प्रिंग’ एवढंच लिहिलंय असं तुम्ही म्हणता, पण या एका शब्दाखाली फार वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. काही ठिकाणी फॉलची सोयही विद्यापीठच करतं. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात १९८३ साली असा एक फॉल प्रोग्राम सुरू झाला: मुलं लहान वर्गांत बर्कलीचेच विषय शिकायची आणि जानेवारीत बाकीच्यांत मिसळायची. मेरीलँड विद्यापीठाने स्प्रिंगच्या मुलांसाठी ‘फ्रेशमेन कनेक्शन’ नावाने अशीच व्यवस्था वर्षानुवर्षं चालवली आहे, तिचे वर्ग दुपारनंतर भरतात. बोस्टनचं नॉर्थईस्टर्न विद्यापीठ पहिलं सेमिस्टर परदेशातल्या भागीदार संस्थेत काढायला पाठवतं. फ्लोरिडा विद्यापीठात २०१३ साली सुरू झालेल्या इनोव्हेशन अकॅडमीत तर स्प्रिंग आणि समर हीच वर्षाची दोन सेमिस्टर असतात. व्हरमाँटच्या मिडलबरी कॉलेजात फेब्रुवारीत येणाऱ्यांना ‘फेब’ म्हणतात. दरवर्षी साधारण शंभरेक मुलं एकत्र येतात, त्यांचं ओरिएंटेशन वेगळं होतं, आणि चार वर्षांनी फेब्रुवारीतच ती टोपी-झगा घालून कॉलेजच्या बर्फाच्या डोंगरावरून स्की करत खाली येतात. तिथे ‘फेब’ असणं मिरवण्याची गोष्ट आहे.

आणि मग उरलेली कॉलेजं. ‘जानेवारीत भेटू’ एवढं एक पत्र, बस. ओरिएंटेशन अर्ध्या दिवसाचं, बाहेर बर्फ, खोली मिळते ती कुणीतरी सोडून गेलेली. आत राहिलेल्या मुलीला चार महिने एकटं राहायची सवय लागलेली, तिला आपण नकोच असतो. मैत्र्या बहुतेक पहिल्या सहा-सात आठवड्यांत जुळतात, जानेवारीपर्यंत जेवणाची टेबलं ठरलेली असतात. बोलकी मुलगी यातून वाट काढते, क्लबांचे मेळावे जानेवारीतही होतात. पण घुमी असेल तर पहिलं सेमिस्टर जड जातं. तुमची लेक कशी आहे ते तुम्हालाच ठाऊक. म्हणून पहिला फोन करून एवढंच विचारा: तिच्याबरोबर स्प्रिंगला किती मुलं येणार आहेत आणि त्यांच्यासाठी फॉलमध्ये तुम्ही काय ठेवलंय? किती मुलं ते सांगता येत नसेल तर मी सावध होते.

अभ्यासाकडे येते, कारण सगळ्यात मोठा खड्डा इथे असतो आणि पालकांना तो दिसत नाही. अमेरिकन कॉलेजात विज्ञानाचे विषय साखळीत असतात. जनरल केमिस्ट्री एक फॉलमध्ये, दोन स्प्रिंगमध्ये, मग दुसऱ्या वर्षी ऑरगॅनिक केमिस्ट्री. जानेवारीत येणारी मुलगी मधल्याच कडीला येऊन उभी राहते. मोठ्या विद्यापीठात केमिस्ट्री एक स्प्रिंगमध्येही असते. त्या वर्गात बरेच जण फॉलमध्ये आपटी खाऊन पुन्हा बसलेले असतात, हे माहीत असावं. वाईट नाही, पण सप्टेंबरच्या वर्गातला उत्साह तिथे नसतो. मग केमिस्ट्री दोन उन्हाळ्यात केली की ऑरगॅनिक सगळ्यांबरोबर पकडता येतं. उन्हाळ्याची फी वेगळी. लहान कॉलेजात केमिस्ट्री एक स्प्रिंगमध्ये नसेल तर अख्खं वर्ष मागे. इंजिनीअरिंगचं याहून कठीण, आणि नर्सिंगची बॅच तर बहुतेक ठिकाणी फॉललाच सुरू होते.

यात एक गंमत आहे. तुमच्या मुलीने एपी कॅल्क्युलसची, म्हणजे शाळेत असतानाच द्यायची कॉलेजच्या पातळीची परीक्षा दिली असेल आणि पाचपैकी चार किंवा पाच आले, तर अनेक विद्यापीठं तिला पहिलं कॅल्क्युलस माफ करतात. म्हणजे तिला दुसऱ्या कॅल्क्युलसपासून सुरुवात करायची, आणि त्याचा मुख्य वर्ग स्प्रिंगमध्येच असतो! उशिरा येऊन ती बरोबर गाडीत बसते. त्यामुळे मे महिन्यातल्या एपी परीक्षांकडे ‘प्रवेश झाला, आता काय’ म्हणून दुर्लक्ष होऊ देऊ नका. स्प्रिंगच्या मुलांना त्या गुणांचा उपयोग फॉलच्या मुलांपेक्षा जास्त होतो. मेडिकलवाल्यांसाठी मात्र एक पुस्ती: काही मेडिकल कॉलेजं एपीच्या जोरावर माफ झालेली केमिस्ट्री धरत नाहीत. तिथे ती कॉलेजात करूनच दाखवावी लागते.

आता तो मंगळवार कशाने भरायचा. बहुतेक जण सांगतात, घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजात, चार विषय घेईल. तुमच्याकडे मिडलसेक्स कॉलेज एडिसनमध्येच आहे, पलीकडे ब्रँचबर्गला रॅरिटन व्हॅली आहे, दोन्ही चांगली आहेत. पण तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं म्हणजे, स्प्रिंगचा प्रवेश देणारी काही विद्यापीठं बजावतात की मधल्या काळात दुसरीकडे पूर्णवेळ डिग्रीसाठी नाव घालू नका, नाहीतर तुम्हाला ट्रान्सफर विद्यार्थी समजू. मग पहिल्या वर्षाची स्कॉलरशिप, हॉस्टेलची हमी, सगळं धोक्यात. ‘रटगर्सला सप्टेंबरात जाईल आणि जानेवारीत तिकडे’ ही तुमच्या यजमानांची युक्ती बहुधा इथेच अडकते. शिवाय दोन्हीकडे डिपॉझिट भरून ठेवणं नियमात बसत नाही, ते करू नका.

दुसरं, तिथले क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या विषयांचे पदवीसाठी मोजले जाणारे अंक, नव्या विद्यापीठात धरले जातात की नाही हे आधी लेखी घ्यावं लागतं, विषयाच्या नेमक्या क्रमांकासकट. ‘सहसा धरतात’ हे उत्तर मी कितीदा ऐकलंय आणि सप्टेंबरात फी भरून झाल्यावर कितीदा निस्तरलंय! धरले तरी बहुतेक ठिकाणी क्रेडिट येतात, ग्रेड येत नाही. नव्या विद्यापीठाची सरासरी शून्यापासून सुरू होते. इथे तिसरा पाय घसरतो. मेडिकलचा केंद्रीय अर्ज भरताना आजवर कॉलेजात घेतलेल्या प्रत्येक विषयाची ग्रेड द्यावी लागते, कम्युनिटी कॉलेजातलीही. विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, न दिसणारी ‘सी’ ग्रेड तिथे दिसते. म्हणून मेडिकलच्या वाटेवरच्या मुलांना मी सांगते की या चार महिन्यांत केमिस्ट्रीला हात लावू नका, ती विद्यापीठातच करा. इंग्रजी कॉम्पोझिशन, सायकॉलॉजी, स्टॅटिस्टिक्स असे दोन-तीन विषय घ्या आणि उरलेल्या वेळात अंगमेहनतीचं काहीतरी करा.

दोन-तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेल्या एका मुलीने दोन विषय घेतले, आठवड्यातून तीन संध्याकाळी ईएमटीचा, म्हणजे रुग्णवाहिकेतल्या तातडीच्या उपचारांचा, कोर्स केला आणि डिसेंबरात गावच्या रेस्क्यू स्क्वाडबरोबर रुग्णवाहिकेत बसू लागली. जानेवारीत ती कॉलेजात गेली तेव्हा बाकीच्यांपेक्षा वर्षाने मोठी वाटत होती. तिच्या ऑक्टोबरमधल्या मंगळवारचं उत्तर मला एप्रिलमध्येच मिळालं होतं, तासांसकट. घरच्यांशी तिचं भांडण झालं ते फक्त गाडीवरून, कारण गाडी एक आणि जायची ठिकाणं तीन. तुमच्याकडे सार्वजनिक बसचा जो प्रकार आहे तो पाहता गाडीचा विचार आधीच करा.

पैशांचं थोडं. स्प्रिंगला सुरू केलं की फॅफ्सा, म्हणजे सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज, त्याच शैक्षणिक वर्षाचा भरायचा, कारण ते वर्ष १ जुलै ते ३० जून असं चालतं. मदत मात्र एकाच सेमिस्टरची मिळते. मेरिट स्कॉलरशिप काही कॉलेजांत फक्त फॉलच्या मुलांना असते. तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नसेल तर ‘नंतर मिळेल’ असं गृहीत धरू नका. विद्यापीठाच्या विस्तार विभागातर्फे चालणाऱ्या फॉल प्रोग्रामला नेहमीची मदत लागू होते का, हेही वेगळं विचारावं लागतं. ५२९ खातं, म्हणजे शिक्षणासाठीचं करसवलतीचं बचत खातं, असेल तर एक बारीक गोष्ट: स्प्रिंगचं बिल बहुधा डिसेंबरात येतं. ज्या कॅलेंडर वर्षात बिल भराल त्याच वर्षात खात्यातून पैसे काढा. डिसेंबरात भरून जानेवारीत काढले तर करात घोळ होतो. कम्युनिटी कॉलेजची फी या खात्यातून चालते, हौसेच्या एखाद्या गॅप प्रोग्रामची सहसा चालत नाही.

आणि मुळातला आकडा विसरू नका. रटगर्स तुम्हाला राज्यातल्या दराने पडतं, ते दुसरं बाहेरच्या दराने. साडेतीन वर्षांत संपवून एक सेमिस्टरची फी वाचवणारी स्प्रिंगची मुलं मी पाहिली आहेत, एपीचे क्रेडिट असतील तर ते जमतं. पण त्या वाचलेल्या फीने दोन दरांतली दरी भरत नाही. पुढे मेडिकलची चार वर्षं उभी आहेत. मी तुमच्या जागी असते तर हा कागद आधी काढला असता, आणि लेकीला समोर बसवून. सतराव्या-अठराव्या वर्षी मुलांना कर्जाचा हप्ता म्हणजे काय ते कुणी सांगत नाही, आणि आपण मराठी माणसं तर पैशाचं मुलांसमोर बोलायचंच टाळतो.

स्प्रिंगलाच येऊ पाहणाऱ्या तुमच्या पुण्याच्या पुतण्याचंही विचारलंय. त्याचं गणित निराळं आहे. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्याला आय-ट्वेंटीवरच्या, म्हणजे कॉलेजने दिलेल्या प्रवेशाच्या कागदावरच्या, सुरुवातीच्या तारखेच्या फार तर ३० दिवस आधी अमेरिकेत शिरता येतं. त्यामुळे तुमच्याकडे राहून फॉलमध्ये काही विषय घ्यायचे हा बेत होत नाही, आणि पर्यटक व्हिसावर तर अभ्यासक्रम घेताच येत नाही. त्याचे ते महिने पुण्यातच जातील. बारावीनंतर ‘रिकामा कशाला बसतोस’ म्हणून घरचे त्याला एफवाय बीएस्सीला घालतील. मग अमेरिकन कॉलेजाला ते कळवावं लागतं, ट्रान्सफरचा प्रश्न उभा राहतो, आणि वर इथला प्रवेश रद्द करून शाळा सोडल्याचा दाखला परत मिळवण्याच्या खेपा. त्याने जर्मनची एखादी लेव्हल, ड्रायव्हिंग, स्वयंपाक आणि गणिताचा सराव एवढं केलं तरी पुरे. आणि व्हिसाच्या तारखेसाठी जुलैपासूनच मागे लागावं, जानेवारी फार लांब आहे असं वाटतं तेवढी ती नसते.

तर तुमच्या बाबतीत माझा कल कुठे आहे? जे सांगितलंत त्यावरून, आज निर्णय घ्यायचा असता तर मी रटगर्स म्हटलं असतं. कारण मेडिकलचा बेत, पैशातला फरक आणि फॉलसाठी पत्रात काहीच नसणं. तीनपैकी एक जरी बदललं तर माझं मत बदलेल. समजा त्या विद्यापीठाने सांगितलं की फॉलमध्ये आमच्याच आवारात वर्ग आहेत, हॉस्टेल आहे आणि दीडदोनशे मुलं बरोबर आहेत, तर ती पाच दिवस तिकडेच असणार आणि मग ही जवळजवळ फॉलचीच सीट झाली. किंवा तिने मेडिकल सोडून इतिहास, इकॉनॉमिक्स असं काही ठरवलं, तर साखळीची भीती बरीच कमी होते. ‘मला त्या ठिकाणीच जायचंय’ या तिच्या हट्टालाही वजन आहे, ते मी शून्य धरत नाही. नको असलेल्या कॉलेजात पाठवलेली मुलं पहिल्या वर्षी फार कुढतात. पण रटगर्स तिला नकोय की दुसरं जास्त हवंय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेवढं तिलाच विचारा, बाबा खोलीत नसताना.

या आठवड्यात दोन मेल तिच्याकडून जाऊ द्या, तुमच्याकडून नको. एक अ‍ॅडमिशन ऑफिसला: फॉलमध्ये कुठे आणि किती क्रेडिट घेतलेले चालतील, हॉस्टेलची हमी चारही वर्षं आहे का, स्कॉलरशिप लागू आहे का. दुसरा बायॉलॉजी विभागाच्या अ‍ॅडव्हायझरला: जानेवारीत सुरू करणाऱ्या प्रीमेड, म्हणजे पुढे मेडिकलला जाऊ पाहणाऱ्या, मुलीचा आठ सेमिस्टरचा आराखडा पाठवाल का. आमच्याकडे असे मेल यायचे तेव्हा आम्ही तो आराखडा दहा मिनिटांत काढून द्यायचो, तयारच असायचा. जिथे तयार नसतो तिथून ‘काळजी करू नका, सगळं जमतं’ असं उत्तर येतं. २५ एप्रिलपर्यंत तुमच्या हातात काय येतं ते बघा, आणि इथेच लिहा. आराखडा आला तर मी तो विषयवार तपासून देईन.

राहिलं लोकांचं. मंडळाच्या जून पिकनिकला कुणी विचारलंच तर ‘जानेवारीत जातेय’ एवढं सांगा आणि पोह्यांची प्लेट पुढे करा. ऑगस्टपर्यंत त्यांची स्वतःची मुलं हॉस्टेलात पोचवायची धावपळ सुरू होते, मग कुणाला आठवतही नाही.